घोड्याच्या घरातलं प्यादं

वनितावहिनींचा फोन आला तेव्हा मी वखारीत चिकूच्या ढिगाशी बसून माल निवडत होतो. मोठा एकीकडे, मध्यम दुसरीकडे, बारीक तिसरीकडे. लहानपणापासूनची सवय, डोकं भलतीकडे असलं तरी हात चालत राहतात. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, हे गेले. पहाटे, झोपेतच.’ मी म्हटलं, ‘बरं.’ अहो, माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी ‘बरं’ म्हणतं का? मी म्हटलं. फोन खिशात ठेवला आणि पुन्हा चिकू निवडायला लागलो. थोड्या वेळाने समोर बसलेली बाई म्हणाली, ‘शेठ, काय चाललंय तुमचं? सगळा माल एकातच टाकताय.’ बघितलं तर खरंच, बारीक, मध्यम, मोठा, सगळा एकाच ढिगात. मग मात्र उठलो, वखारीच्या मागे नळाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभा राहिलो.

काश्या गेला. तुमच्यासाठी ग्रँडमास्टर काशिनाथ, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातून बुद्धिबळात एवढा वर गेलेला पहिला माणूस. तो गेला तेव्हा कुणीतरी त्याच्यावर चार ओळी छापल्या, त्यात त्याला ‘घोड्यांचा जादूगार’ म्हटलं होतं. जादूगार कसला डोंबलाचा! जादूगार हातचलाखी करतो. काश्याने उभ्या आयुष्यात कुणापासून काही लपवलं नाही. समोरच्याला सगळं दिसत असायचं आणि तरी काही करता यायचं नाही. लपवलं ते मी. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. आम्ही आठवीत असताना जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, आणि ‘सांगितलं नाही’ हे कबूल करायला पुढे चाळीसहून जास्त वर्षं मिळाली, तीही मी घालवली. शेवटी तो गेला आणि ते माझ्या घशातच राहिलं. म्हणून हे लिहितोय. लिहिण्याचा सराव नाही, बिलं सोडून मी काही लिहीत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आमची वाडी मसोलीजवळ. काश्याचे आईवडील मूळ तलासरीकडच्या पाड्यावरचे. आमच्या वाडीत चिकूच्या कामाला आले आणि वाडीतल्याच खोपीत राहिले. मी आणि तो एका वयाचे, एकाच शाळेत, एकाच वर्गात. वखारीत गाडी यायला उशीर झाला की माणसं बुद्धिबळ खेळायची. खोक्याच्या झाकणावर कोळशाने चौकटी आखलेल्या, मोहरी लाकडाची, पण प्यादी केव्हाच हरवलेली. त्यांच्या जागी चिकूच्या बिया. काळ्या बिया एका बाजूला, चुना लावलेल्या दुसऱ्या बाजूला. आणि खेळ देशी. हल्लीच्या मुलांना ठाऊक नसतो म्हणून सांगतो. देशीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्यादं पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचलं की ते ज्याच्या घरात पोचतं, तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वजीर हवा असेल तर मधल्या घरांतूनच न्यायला हवं. आमच्या वखारीत सगळे असंच खेळायचे, आणि जगभर असंच खेळतात अशी आमची पक्की समजूत होती.

काश्या सहा महिने नुसता बघत बसला होता. खेळ म्हटलं तर मान हलवायचा. एक दिवस माझ्या आप्पांचा राजा कोंडला गेला, सगळे म्हणाले, संपला डाव. काश्या हळूच म्हणाला, ‘नाही संपला.’ आप्पांनी चिडून त्याला आपल्या जागी बसवलं. ‘मग तू खेळ की, लई शहाणा असशील तर!’ आणि अर्ध्या तासात या पोराने तो मेलेला डाव जिंकून दाखवला. माल न्यायला आलेला गुजराती व्यापारी डोळे विस्फारून बघत होता. आप्पांना म्हणाला, ‘शेठ, आ छोकरो तो जबरो छे.’ आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवसापासून वखारीत काश्याला हरवणारा कुणी उरला नाही. मी रोज शाळा सुटली की त्याच्यासमोर बसायचो आणि रोज हरायचो. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? वाडी आमची, वखार आमची, झाकण आमचं, चिकूच्या बियाही आमच्याच, आणि जिंकायचा हा.

आठवीत असताना आमच्या खेळाच्या सरांनी ठरवलं की आपल्या शाळेतून दोन मुलं तालुक्याच्या स्पर्धेला पाठवायची. निवड सोपी होती, काश्या आणि मी. सरांनी शाळेत आंतरराष्ट्रीय नियम समजावले. पण त्या आठवड्यात काश्या शाळेत नव्हता. पाड्यावर त्यांचा भाताचा तुकडा होता, त्याच्या कापणीला तो आईबरोबर गेला होता. सरांनी नियम फळ्यावर लिहिले, मी वहीत उतरवले. सर म्हणाले, ‘काशिनाथला सांग रे सगळं.’ मी म्हटलं, ‘सांगतो सर.’ तो परत आला त्या संध्याकाळी वखारीत मी वही उघडून त्याला सांगितलं. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजाची घोडाउडी नाही. त्याऐवजी राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात, तो कसा ते मांडून दाखवलं. तो मन लावून ऐकत होता, मध्येच म्हणाला, ‘मोहन्या, हा किल्ला बेस आहे रे.’ वहीत आणखी एक ओळ होती. प्यादं कुठल्याही घरातून शेवटी पोचलं तरी हवं ते मोहरं घेता येतं, वजीरसुद्धा. ती ओळ मी वाचली नाही. वही मिटली.

विसरलो, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. विसरलो नव्हतो हो. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, माझंच अक्षर होतं. मला वाटलं होतं, एवढी एक गोष्ट फक्त माझ्याकडे राहू दे. रोज हरणाऱ्याला एवढं तरी असू दे.

नशीब बघा, अंतिम फेरीत आम्ही दोघंच समोरासमोर आलो. तालुक्यातल्या सगळ्या शाळा, मास्तर, वरच्या वर्गातल्या मुली. आप्पाही आले होते, धोतर नीट नेसून. काश्या नेहमीसारखा हात मांडीखाली दाबून बसला. चाल पक्की झाल्याशिवाय हाताला मोकळं सोडायचं नाही, ही सवय त्याची तेव्हापासूनची. डाव त्याचाच होता. त्याची दोन प्यादी जास्त, माझा राजा उघडा. त्याचं एक प्यादं चालत चालत माझ्या घोड्याच्या घरात पोचलं. तिथे वजीर घेतला असता तर दोन चालींत मात होती, हे मला दिसत होतं. काश्याने प्यादं उचललं, बाजूला पडलेल्या मोहऱ्यांतून घोडा घेतला आणि त्या घरात मांडला. घोड्याच्या घरात घोडा. त्याने एकदाही विचार केला नाही, विचार करण्यासारखं त्यात त्याच्या लेखी काही नव्हतंच. मी तोंड उघडू शकलो असतो. ‘अरे, वजीर घे’ हे तीन शब्द. मी माझी पुढची चाल केली.

पुढे सहा-सात चालींनी माझं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं, आणि मी तिथे वजीर मांडला. काश्या बघतच राहिला. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, ‘हत्ती ना?’ मी म्हटलं, ‘नाही. नियम असाच आहे.’ पंचांनी मान हलवली. काश्याने आपल्या त्या घोड्याकडे पाहिलं, मग पटाकडे, मग पुन्हा घोड्याकडे. त्यानंतर चौथ्या चालीला त्याने राजा आडवा करून हार मानली आणि माझ्याशी हात मिळवला. हात गार होता त्याचा. आप्पांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. वाडीच्या मालकाचा मुलगा जिंकला होता, जग जागच्या जागी होतं. परतीच्या वाटेवर चषक माझ्या मांडीवर होता, आणि काश्या खिडकीशी बसून बाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्याने विचारलं, ‘मोहन्या, प्यादं कुठल्याही घरात गेलं तरी वजीर होतो?’ मी म्हटलं, ‘हो.’ तो म्हणाला, ‘बरं.’ संपलं. चिडला नाही, ‘मला का नाही सांगितलंस’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, आणि कदाचित तिथेच आमची दोस्ती संपली असती. जिल्ह्याला मी पहिल्याच फेरीत सपाटून मार खाल्ला आणि माझी बुद्धिबळाची हौस फिटली. काश्या मात्र त्या आठवड्यापासून वेगळंच काहीतरी करायला लागला. एकटा बसून पटावर फक्त एक घोडा ठेवायचा आणि त्याला चौसष्ट घरांतून फिरवायचा. एका घरात दोनदा न जाता. मग दोन घोडे. मग घोडा आणि एक प्यादं, समोर हत्ती. वखारीतली माणसं म्हणायची, या पोराला घोडा लागला. खोपीच्या ओट्यावर, शाळेच्या पायरीवर, आईबरोबर चिकू निवडायला बसला तरी शेजारी झाकण आणि त्यावर तो घोडा.

एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आम्ही कॉलेजात असताना चैत्रातल्या जत्रेला मसोलीहून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला चालत निघालो होतो. वाटेत काश्या म्हणाला, ‘खेळतोस?’ मी म्हटलं, ‘पट कुठाय?’ तर म्हणे, ‘पट कशाला लागतो?’ तोंडी चाली. तो एक सांगणार, मी एक सांगणार. दहा चाली मी कशाबशा तगवल्या, अकराव्याला माझं डोकं गरगरायला लागलं. मी मोठ्या ऐटीत उंटाची चाल सांगितली. काश्या थांबला. ‘तुझा उंट तिथे नाही रे. तो तू मघाशी त्या विहिरीपाशी मारायला दिलास.’ मी म्हटलं, छट्! मग त्याने पहिल्यापासून सगळा डाव म्हणून दाखवला, कुठली चाल कुठल्या जागी झाली त्यासकट. आंब्याखाली घोडा काढला, पुलावर किल्लेकोट केला, विहिरीपाशी उंट गेला. माझ्या अंगावर काटा आला. बरं, इतकं करून स्वारी पुढे जत्रेत रहाटपाळण्यात बसायला घाबरली! देवळासमोर हात जोडून उभा राहिला तेव्हा मी विचारलं, काय मागितलंस? म्हणाला, ‘काही नाही. तुझा हत्ती कुठे आहे ते बघत होतो.’ आणि हे ऐकून ठेवा, यानंतर तीस वर्षांनी गाडीतून त्याच रस्त्याने जाताना त्याने बोट दाखवून म्हटलं होतं, ‘ही बघ, तुझ्या उंटाची विहीर.’

त्याची कारकीर्द मी सांगणं म्हणजे काजव्याने सूर्याला उजेड दाखवणं, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेळाडू म्हणून त्याला मुंबईत नोकरी लागली, तिथे चांगली पुस्तकं आणि चांगले प्रतिस्पर्धी मिळाले, आणि आमचा काश्या चढत गेला. भरभर नाही. ज्या वयात हल्लीची मुलं ग्रँडमास्टर होऊन मुलाखती देतात, त्या वयात हा नियमांची पहिली वही शोधत होता. त्याचा खेळ बघायला अजिबात आकर्षक नव्हता. सुरुवातीला वाटायचं, हा माणूस काही करतच नाहीये. प्यादी एकमेकांत अडकवून ठेवायची, पट गच्च करायचा, उंट देऊन टाकायचे आणि दोन्ही घोडे जिवापाड सांभाळायचे. मोकळ्या मैदानात उंट आणि हत्ती लांबून मारा करतात. गच्च पटावर त्यांना वाटच नसते, तिथे घोडाच उडी मारतो. चाळिसाव्या, पन्नासाव्या चालीला समोरच्याच्या लक्षात यायचं की आपली सगळी मोहरी जिवंत आहेत आणि एकही हलू शकत नाही. मी एकदा पुण्यात त्याचा सामना बघायला गेलो होतो. समोर एक उंचापुरा परदेशी माणूस, नाव मोठं. काश्या हात मांडीखाली घालून बसलेला, मुठीत चिकूची बी. हो, आमच्या वखारीतली. कायम खिशात असायची. तीन तासांनी त्या परदेशी माणसाने पटावरून नजर उचलली आणि काश्याकडे असं बघितलं, की मी ती नजर ओळखली. वखारीत मी रोज तसाच बघायचो. माझ्या शेजारी बसलेले एक जुने खेळाडू पुटपुटले, ‘हे शिकवून येत नाही.’ मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, हा आमच्या वाडीतला! आणि लगेच दुसरं आठवलं आणि मान खाली गेली. चोराच्या मनात चांदणं.

ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म लागतात, म्हणजे तीन स्पर्धांमध्ये ठरावीक दर्जाची कामगिरी. त्याचे दोन झाले होते, तिसऱ्याने त्याला सात वर्षं झुलवलं. दर वेळी अर्ध्या गुणाने हुकायचा. वय चाळिशीकडे चाललं होतं, केस पांढरे व्हायला लागले होते, लोक म्हणायला लागले होते, आता कसलं होतंय. शेवटी हंगेरीत एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत गाडी येऊन ठेपली. जिंकलं तरच नॉर्म, बरोबरी झाली तर नाही. तो डाव मी नंतर शंभर वेळा मांडून पाहिलाय. शेवटाला काश्याचं प्यादं घोड्याच्या घरात पोचतं. समोरच्याचा वजीर असा उभा, की काश्याने वजीर घेतला तर तो शहावर शह देत डाव बरोबरीत सोडवणार. सगळे बघणारे धरून चालले होते की आता वजीर येणार आणि बरोबरी होणार. काश्या चाळीस मिनिटं हात मांडीखाली घालून बसला. मग त्याने घोडा घेतला. घोड्याच्या घरात घोडा! शह, आणि त्याच घोड्याच्या टप्प्यात समोरचा वजीर. राजा हलला, वजीर गेला, डाव संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मी वखारीतच होतो. लांबून, खरखरत आवाज आला, ‘मोहन्या, झालं रे.’ मी आनंदाने ओरडलोच. मग तो म्हणाला, ‘घोडा केला. घोड्याच्या घरात.’ आणि हसायला लागला. मनापासून, खळखळून, लहानपणी हसायचा तसा. मी पण हसलो. त्या क्षणी सांगायला हवं होतं. काश्या, त्या दिवशी मला माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी म्हटलं, ‘येताना काय आणतोस?’ काय माणूस आहे बघा मी! तो म्हणाला, ‘येतोय, तू वरोरचे सुके बोंबील आणून ठेव.’ एवढ्या विजयानंतरही त्याला दुसरं काही नको होतं.

निवृत्ती घेतल्यावर लोकांना वाटलं तो मुंबईत किंवा पुण्यात अकादमी काढेल. त्याने पाड्यावर आईवडिलांच्या जागेत दोन खोल्यांचं घर बांधलं, त्यातली पुढची खोली मुलांसाठी. दर रविवारी सकाळी वर्ग. आजूबाजूच्या पाड्यांवरची वीस-बावीस मुलं-मुली, चटईवर समोरासमोर. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचो, पण वर्ग संपता संपता. मला मुलांचा गलका सोसत नाही, असं मी सांगायचो. खरं म्हणजे त्याला शिकवताना बघायची माझी हिंमत व्हायची नाही. वनितावहिनींच्या हातचा चहा, बोंबील, गप्पा आणि परत. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, ‘भाऊजी, एकदा सुरुवातीपासून या ना. तुमचे मित्र कसे शिकवतात ते बघा.’ काश्या म्हणाला, ‘असू दे गं. येईल तेव्हा येईल.’

शेवटची भेट त्याच्या जाण्याच्या तीन आठवडे आधीची. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी जिना, रस्ता, रविवार सगळं बंद केलं होतं. मी ठरवून गेलो होतो, आज बोलायचंच. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, हात नुसते हाडांचे. मी बसलो, खाकरलो, म्हटलं, ‘काश्या, ते आपण आठवीत असताना...’ तर म्हणाला, ‘पट काढ.’ मी म्हटलं, ‘आधी ऐक तरी.’ म्हणाला, ‘आज देशी खेळू.’ आता मरणाच्या दारातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मांडला पट. चाळीस वर्षांनी देशी. प्यादं एकेक घर, राजाची उडी. मी मुद्दाम हरायला बसलो नव्हतो, तरी हरत होतो, नेहमीप्रमाणे. त्याचं एक प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. त्याने घोडा मांडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘इथे घोडाच होतो, बरं का.’ डोळ्यांत हसू होतं. ‘काश्या, मला...’ ‘चाल कर,’ तो म्हणाला. ‘दमलोय मी, पटकन कर.’ मी चाल केली. तीन चालींत त्याने मात दिली, डोळे मिटले आणि झोपला. मी वाट पाहत तासभर बसलो. मग वहिनी म्हणाल्या, आता उठायचे नाहीत ते. मी घरी आलो.

तेराव्यानंतर वहिनींनी निरोप पाठवला. रविवारी मुलं येऊन ओट्यावर बसतात, परत जा म्हटलं तर जात नाहीत. तुम्ही येऊन बसाल का? मी साफ नाही म्हटलं. मला काय येतं? जो माणूस जिल्ह्याला पहिल्या फेरीत गारद झाला तो काय शिकवणार, कपाळ? वहिनी म्हणाल्या, ‘शिकवू नका. नुसते बसा. त्यांचं ते खेळतात.’ मग काय, गेलो. पहिल्यांदाच वर्ग सुरू व्हायच्या आधी. खोली तशीच. चटया, खिडकीत त्याचा चष्मा, भिंतीवर पट. मुलं जोडीजोडीने बसली, मोहरी मांडली. मी म्हटलं, ‘चला, करा सुरू.’ कुणी प्यादं हलवेना. मग एका कोपऱ्यातून आवाज सुरू झाला, मग दुसऱ्या, मग सगळ्या खोलीतून. प्रत्येक मूल समोरच्याला सांगत होतं, ‘प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवं ते होतं.’ आणि समोरचं मूल तेच परत सांगत होतं. सगळ्यांचं सांगून झालं, हात मिळवले, आणि मग कुठे पहिली प्यादी हलली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

एक मुलगी एकटी राहिली होती, तिची जोडीदारीण आली नव्हती. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या, नजर थेट. मला म्हणाली, ‘काका, तुम्ही बसा ना.’ मी तिच्यासमोर बसलो. तिने मोहरी मांडली, घोड्यांची तोंडं नीट समोर केली आणि हात मांडीखाली घालून बसली. मी विचारलं, ‘हे असं आधी सांगायचं, हे कुणी ठरवलं गं?’ ‘सरांनी. पहिल्या दिवशी मोहरी कशी चालतात ते नंतर शिकवतात, हे आधी.’ ‘का?’ ती म्हणाली, ‘सर लहान होते ना, तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा विसरला होता.’

सांगणारा विसरला होता. माझीच सबब, मी कधी कुणापुढे न बोललेली, त्याने माझ्यासाठी या पोरांना पढवून ठेवली होती. कधीपासून ठाऊक होतं त्याला? ‘हत्ती ना?’ विचारलं तेव्हापासून, दुसरं काय? अख्खं जग ज्याच्या चाली ओळखायला धडपडत होतं, त्याला माझी एक मिटलेली वही ओळखता आली नसेल? मला पटावरचं काही दिसेना. मी प्यादं पुढे सारायला हात नेला, तर त्या पोरीने माझा हात धरला.

‘काका, आधी सांगा ना.’

मी सांगितलं. एका दमात नाही जमलं, मध्ये थांबावं लागलं. ‘प्यादं शेवटच्या घरात पोचलं... की हवं ते होतं. कुठल्याही घरात पोचू दे. घोड्याच्या घरात पोचलं तरी वजीर होतो, बाळा. वजीर घे.’

तिने मान डोलवली, माझ्याशी हात मिळवला आणि मी चाल केल्यावर आपलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मग माझ्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, समजूत घातल्यासारखी म्हणाली, ‘माहीत होतं मला. पण सांगावं लागतं.’